नो कॅरिअर

कॉम्प्युटर फोनच्या लाईनला जोडणाऱ्या मॉडेमच्या किंचाळण्याने वहिनीचं डोकं उठायचं. जेवणाचं टेबल हेच माझं ऑफिस, त्यामुळे तिचंही काही चुकत नव्हतं. "या घरात एक तर ते राहील, नाहीतर मी," असं तिने सकाळीच जाहीर केलं. मी कॉम्प्युटरवर एक आज्ञा टाईप करून मॉडेमचा स्पीकर बंद केला. घरात सुखशांती नांदू लागली.

टाईप केलेले अहवाल मुख्य ऑफिसला पाठवायचे होते, पण लाईन लागेना. पडद्यावर एकच उत्तर, नो कॅरिअर. म्हणजे पलीकडे मॉडेम भेटला नाही. हे रोजचंच रडगाणं. कंटाळून मी कॉम्प्युटरसाठी छोटी स्क्रिप्ट लिहिली, फोन लागला नाही तर जरा थांबून पुन्हा फिरव, आणि खुर्चीतच मान टाकली.

दुपार टळली तरी तेच. वैतागून स्पीकर चालू केला, म्हटलं बघू तरी कुठे अडतंय. रिंग गेली, कोणीतरी फोन उचलला आणि मॉडेममधून एका म्हातारीचा आवाज आला, "बोल रे राजा. भांडण तेव्हाच संपलं. मी रागावले नाही, तू फक्त घरी ये."

मी नंबर तपासला. स्क्रिप्टमधल्या नंबरात दोन आकडे उलटे पडले होते. माणूस बोलतंय की भिंत, हे मॉडेमला काय कळणार! स्क्रिप्ट थांबवली, रिसीव्हर उचलून तोच नंबर हाताने फिरवला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"आजी, मी तुमचा मुलगा नाही. माझ्या मशीनने चुकून फोन लावले."

"सकाळपासून?"

"हो."

"मध्येमध्ये टुक टुक वाजायचं. मला वाटलं, कुठल्यातरी बूथवरून करतोय, बोलायचा धीर होत नाहीये. म्हणून मीच बोलत राहिले. सगळं बोलून टाकलं मी."

मला फार वाईट वाटलं. चुकलं, माफ करा, एवढंच कसंबसं म्हणालो.

"बरं, ठेव आता. लाईन मोकळी राहू दे. त्याने खरंच केला असेल, तर दिवसभर एंगेज लागला असेल रे."

मी ठेवला. नंबर दुरुस्त केला. मॉडेम किंचाळला तशी आतून वहिनी ओरडली. तरी स्पीकर मी चालूच ठेवला.