नवसाबाईची मूठ

नवसाबाईच्या हाताला एक खोड होती आणि ती तिच्या आईकडून आली होती. कुणालाही धान्य द्यायचं म्हटलं की माप भरून ओतायचं आणि वरून एक मूठ घालायची. पायलीभर भात असो, शेरभर उडीद असो, नाहीतर शेजारणीला दिलेलं वाटीभर पीठ असो, वरची मूठ ठरलेली. ती कणसरीची मूठ. कणसरी म्हणजे धान्यातली देवी. नुसतं काठोकाठ माप देऊन माणसाला वाटेला लावलं तर ती रुसते, असं नवसाबाईची आई सांगायची. आणखी एक सांगायची, की ही मूठ मोजायची नसते. मोजली की ती मूठ राहत नाही, तिचं माप होतं.

पेठ तालुक्यातल्या करंजपाड्यावर ही खोड कुणाला खटकायचं काही कारणच नव्हतं. खटकली ती नाशिकच्या एका मोठ्या दुकानातल्या यंत्राला, आणि तिथून पुढं सगळं रामायण झालं.

पाड्यावरच्या नऊ बायकांनी मिळून नागलीच्या पिठाचा धंदा काढला होता. नागली म्हणजे नाचणी. शहरातली माणसं हल्ली ती डॉक्टरच्या सांगण्यावरून खातात. या नऊजणींनी ती जन्मभर खाल्ली, पण त्याबद्दल त्यांना कुणी कधी शहाणं म्हटलं नाही. द्राक्षांच्या हंगामात त्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून दिंडोरीकडे जायच्या, मुकादम सांगेल तो दर घ्यायच्या आणि मालक हा शब्द दुसऱ्याला हाक मारण्यापुरताच वापरायच्या. आता समाजमंदिरामागच्या खोलीत त्यांची स्वतःची चक्की होती, वजनकाटा होता, पिशवीचं तोंड चिकटवायचं मशीन होतं. पिशवीवरच्या लेबलवर ‘मालक’ असं छापून खाली नऊजणींची नावं होती.

हे सगळं उभं केलं नवसाबाईच्या लेकीनं, निकितानं. आश्रमशाळा, मग नाशिकचं वसतिगृह, बी.कॉम., आणि तिथल्याच अंबडच्या एका कंपनीत दोन वर्षं हिशेबाचं काम, एवढं करून पोरगी घरी परत आली होती. खर्च कसा मांडायचा, स्वतःच्या कष्टाचाही दर कसा धरायचा, बँकेत सही करण्याआधी कागद का वाचून घ्यायचा, हे तिनं नऊजणींच्या डोक्यात उतरवलं. आईला तर अक्षरंच शिकवली. नवसाबाई आता बोट ठेवून वाचायची. एसटीची पाटी वाचून होईपर्यंत एसटी निघून जायची, ती गोष्ट वेगळी.

सगळं छान होतं, फक्त एक गोष्ट तिला सलायची. लेबलवर निकिताचं नाव नव्हतं.

“तुझं नाव कुठं हाय गं?” तिनं एकदा विचारलं होतं.

“माझं कशाला? मी तुमची हिशेब ठेवणारी. आहे तोवर आहे.”

तो ‘आहे तोवर’ नवसाबाईच्या जिव्हारी लागला. एकुलती एक लेक अकराव्या वर्षी पेटी घेऊन घराबाहेर पडली ती बारा-तेरा वर्षांनी हाताशी आलेली, आणि आता ती पाहुण्यासारखं बोलत होती. पण पोरीला बांधून ठेवणारी आई व्हायचं नाही, हेही नवसाबाईनं मनाशी ठरवलं होतं. म्हणून राहा असं न म्हणता ती आतल्या आत झुरत राहिली.

अशात नाशिकच्या दुकानाची पहिली मोठी ऑर्डर आली. अर्ध्या किलोच्या तीनशे पिशव्या, आणि माल पसंत पडला तर दर महिन्याला तेवढ्याच. कुसाबाईनं पीठ दळलं. कुसाबाई म्हणजे नवसाबाईची चाळीस वर्षांची जोडीदारीण. चक्की तिच्या ताब्यात, खोलीची चावी तिच्या कमरेला. निकितानं काट्यावर एकेक पिशवी पाचशे ग्रॅमला बरोबर भरून दिली आणि ती लेबलं आणायला, टेम्पो ठरवायला पेठला धावली. दोन दिवस बसून तोंडं चिकटवली एकट्या नवसाबाईनं. आणि चिकटवण्याआधी प्रत्येक पिशवीत काय गेलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

माल गेला. सोमवारी निकितानं वही उघडली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“पीठ झालं एकशे पासष्ट किलो,” ती बैठकीत म्हणाली. “पिशव्यांत गेलं दीडशे. गोणीत उरलं तीन. मग बारा किलो पीठ कुठं गेलं?”

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या.

“खोलीची चावी कुसामावशीकडं असते,” निकिता म्हणाली. तिच्या मनात फार काही नव्हतं. कंपनीत असं काही कमी पडलं की आधी चावी कुणाकडं असते तेच विचारायचे, म्हणून तीही तसंच बोलून गेली. पण कुसाबाई उठली. तिनं कमरेची चावी सोडली, वजनकाट्यावर ठेवली आणि घरी निघून गेली.

नवसाबाईनं तिला हाक मारली नाही. खरं सांगायचं तर तिच्याही मनात पाल चुकचुकली होती. कुसाची सून बाळंतीण आहे, तिच्या आंबिलीसाठी नेलं असेल बिचारीनं, असं म्हणून तिनं मनातल्या मनात कुसाबाईला चोर ठरवलं आणि वर माफही करून टाकलं. आपल्या मुठीची आठवण तिला क्षणभरही झाली नाही. जी कधी मोजलीच नाही, ती हिशेबात आठवणार तरी कशी?

घरी आल्यावर निकिता भाकरी थापत म्हणाली, “आई, अंबडच्या कंपनीनं परत बोलावलंय. एक तारखेपर्यंत कळवायचंय.”

“मंग?”

“मग काय? आपल्याच माणसांत पीठ जायला लागलं, तर मी हिशेब तरी कशाचा ठेवू?”

नवसाबाईला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

बुधवारी दुपारी टेम्पो आला आणि त्यातून तीनशेच्या तीनशे पिशव्या उतरल्या. सोबत दुकानात माल उतरवून घेणारा दीपक होता. ही नागली दुकानात ठेवा म्हणून वरच्यांच्या मागं लागला होता तो हाच, त्यामुळे त्याचाही चेहरा उतरला होता.

“ताई, बिल करायच्या जागी आमचं यंत्र पिशवी तोलतं,” तो निकिताला म्हणाला. “लेबलवर पाचशे, तर पाचशेच पाहिजे. तुमची एकेक पिशवी ते अडवून धरतं. लाल दिवा लागतो, मागं गिऱ्हाइकांची रांग.”

“कमी भरलीय का?” निकितानं विचारलं.

“कमी असती तर समजलो असतो. अकरा वर्षं मी हे काम करतोय. जास्त भरलं म्हणून परत आणलेला हा पहिलाच माल.”

निकितानं एक पिशवी काट्यावर ठेवली. पाचशे चाळीस. ती हळूहळू आईकडं वळली. नवसाबाई भिंतीला टेकून उभी होती आणि तिला आता सगळं आठवलं होतं.

“मी मूठ घातली,” ती म्हणाली.

“सगळ्या पिशव्यांत?”

“मंग? एकीला द्यायची आन् एकीला नाय, असं करू?”

“आई, बारा किलो पीठ गेलं म्हणून मी एवढी ओरडत होते, तेव्हा तू बोलली का नाहीस?”

“आगं, ते गेलं कुठं? ते तर दिलं!”

दीपकनं तोंड फिरवून हसू दाबलं. तीनशे मुठी, चाळीस-चाळीस ग्रॅम, बारा किलो. हरवलेलं पीठ टेम्पोत बसून घरी परत आलं होतं. शनिवारपर्यंत दुरुस्त करून द्या, नाहीतर ऑर्डर बंद, असं वरून सांगितलं आहे, हे दीपकनं नाइलाजानं सांगितलं. “वजन कितीबी चालेल ताई. पण सगळ्यांचं एक पाहिजे आणि लेबलवर तेच पाहिजे. एखाददुसऱ्या ग्रॅमला यंत्र अडवत नाही.”

टेम्पो गेला तशी नवसाबाई थेट कुसाबाईच्या घरी गेली. कुसाबाई ओट्यावर उडीद पाखडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“पीठ मी घातलं पिशव्यांत. मुठीनं,” नवसाबाई म्हणाली. “आन् मनात तुला धरलं. सुनंसाठी नेलं असशील म्हनलं.”

सूप थांबलं. कुसाबाईनं तिच्याकडं रोखून बघितलं.

“सुनंसाठी? असं वाटलं व्हय तुला? मंग आधी सांगायचं, मी खरंच नेलं असतं!”

दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता नवसाबाई रडली. मागून निकिता आली होती. ती खाली मान घालून उभी राहिली.

“चुकलं माझं, मावशी.”

“मला इचारायचं व्हतंस पोरी. तू चावीकडं बोट केलंस, माझ्या तोंडाकडं नाय बघितलं,” कुसाबाई म्हणाली. “जा, चावी घेऊन ये माझी.”

एक गाठ सुटली, पण ऑर्डर अजून लटकलेलीच होती. निकिताचं म्हणणं सरळ होतं: पिशव्या फोडायच्या, चाळीस-चाळीस ग्रॅम काढायचं, पुन्हा चिकटवायच्या. नवसाबाई पिशव्यांच्या पुढ्यात ठाण मांडून बसली.

“दिलेली मूठ मी काढू देनार नाय.”

“आई, अजून दिलेली नाहीये. आपल्या खोलीत आहे.”

“माझ्या हातातून गेली म्हंजी दिली.”

“अगं, लेबल बदललं असतं, पण हातानं टाकलेलं कधी सारखं असतं का? एकात तीस असेल, एकात पन्नास. यंत्र कसं चालवून घेईल?” असं म्हणून निकितानं दुसरी पिशवी काट्यावर ठेवली. पाचशे चाळीस. तिसरी, पाचशे एकेचाळीस. चौथी, पाचशे चाळीस. निकिता एकामागून एक पिशव्या ठेवत गेली. वीस झाल्या, तीस झाल्या, काटा एखाद्या ग्रॅमनं इकडं नाहीतर तिकडं. शंभर पिशव्या झाल्यावर ती काट्यापाशीच खाली बसली.

“आई, हात दाखव.”

नवसाबाईनं हात पुढं केला. द्राक्षाच्या छाटणीत अंगठ्यावर पडलेला जुना वण, नखांच्या कडेला पीठ. निकितानं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अकरा वर्षांची असताना याच हातानं तिच्या पेटीत भाजलेल्या नागलीचं पीठ भरून दिलं होतं, आणि पेटी लावायच्या आधी वर एक मूठ घातली होती. तिला ते लख्ख आठवलं आणि तिचे डोळे भरून आले.

“काय झालं गं?” नवसाबाई घाबरली. “मोजलीस ना मूठ? आता ती मूठ नाय राहिली.”

“मी मूठ कुठं मोजली? मी पिशवी मोजली,” निकिता नाक पुसत म्हणाली.

लेकीचं हे लबाडीचं उत्तर नवसाबाईला मनापासून आवडलं.

संध्याकाळी बैठक झाली. निकितानं वहीत खर्चाचं पान काढलं. नागली, वीज, पिशवी, टेम्पो, आणि त्याखाली तिनं लिहिलं, मूठ.

“मूठ देऊ नका असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “पण काय देतो ते आपल्याला ठाऊक पाहिजे. विजेचं बिल लिहितो तशी हीपण लिहायची. दर पिशवीमागं नफ्यातून एवढे पैसे कमी होतील. मालक तुम्ही आहात, तुम्ही ठरवा.”

नऊजणींनी आकडा नीट विचारून घेतला. कुसाबाईनं तर दोनदा विचारला. मग मुठीच्या बाजूनं नऊ हात वर गेले. नवसाबाईला वाटलं, दिंडोरीच्या मळ्यात वीस वर्षं राबलो, पण आपल्याला कधी कुणी काही ठरवायला सांगितलं नव्हतं. तिनं आपला हात जरा जास्तच वेळ वर धरून ठेवला.

शुक्रवारी सकाळी निकिता पेठहून नवी लेबलं छापून घेऊन आली. जुन्या लेबलवर नवं चिकटवायचं होतं. पहिलं लेबल तिनं आईच्या हातात दिलं आणि स्वतः उगीचच गोणीच्या सुतळीशी खेळत बसली. नवसाबाईनं बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“नागलीचं पीठ. वजन पाचशे चाळीस ग्रॅम. त्यातली चाळीस ग्रॅम… मूठ. तिचे पैसे… नाहीत.”

“वाचायला येतंय की म्हातारीला,” कुसाबाई म्हणाली.

“गप ग.” बोट खाली सरकलं. “मालक.” नावं तिला पाठच होती, तरी ती एकेक वाचत गेली. नववं नाव तिचं स्वतःचं. तिथं बोट थांबायला हवं होतं, पण खाली आणखी एक ओळ होती.

“नि… कि… ता.”

तिनं पुन्हा वाचलं. मग लेबल दूर धरून वाचलं.

“छापनाऱ्यानं चुकून घातलं का काय?”

“चुकून नाही,” निकिता सुतळीकडं बघत म्हणाली.

“आन् ती कंपनी?”

“कळवलं काल. येत नाही म्हणून.”

नवसाबाईला खूप बोलायचं होतं. जन्मात एवढा आनंद झाला नव्हता हे सांगायचं होतं. तुला राहा म्हणायची माझी हिंमत नव्हती गं, हेही सांगायचं होतं. त्याऐवजी तिनं लेकीला जवळ ओढलं आणि पिठाच्या हातानं तिचा सगळा चेहरा पांढरा करून ठेवला.

कुसाबाईनं लेबल उचलून घेतलं. वाचता तिला येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या.

“नऊ भरल्या,” ती म्हणाली, “आन् वर ही मूठ.”

“ही मूठ मात्र मोजायची हं, मावशी,” निकिता आईच्या मिठीतूनच म्हणाली. “वाटे आता दहा.”