म्हातारबाला इंटरनेट हवंय

ऐकू येतंय ना? मी लॅपटॉप बोलतोय. मध्येमध्ये पंख्याची घरघर येईल, तेवढी सांभाळून घ्या. वय झालं की आमच्यात असं होतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण तिथलं काही आठवत नाही. आठवण सुरू होते ती एका हिशेबनिसाच्या कचेरीत. तिथे मी आकडे जुळवले, चहाचे डाग सोसले आणि "अडकला बघ पुन्हा!" ही बोलणीही खाल्ली. विंडोजची नवी आवृत्ती माझ्यावर चढवली तेव्हा तर मला धापच लागली. शेवटी मोडक्या खुर्च्यांसोबत माझी रवानगी अडगळीत झाली.

तिथून मला आमच्या बाईंनी उचललं. एका मासिकासोबत आलेली सीडी माझ्यात घालून, मासिक शेजारी उघडं ठेवून, चुकतमाकत त्यांनी माझ्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही हलकी, फुकटातली प्रणाली बसवली. भरल्या पोटी जिना चढणाऱ्याला कुणी खुर्ची द्यावी, तसं मला झालं.

बाईंचं काम वेगळंच. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी त्या चित्रपटातले संवाद आणि आवाज पडद्याच्या तळाशी अक्षरांत लिहितात. सासूबाईंचे कान मंदावले, तेव्हा घरापुरतं म्हणून हे सुरू झालं. पहिल्या टीकाकारही सासूबाईच.

"नायिका रडते, असं कशाला लिहिलंस? मी बहिरी आहे, आंधळी नाही!"

बाईंनी ती ओळ पुसली आणि 'मागे दार लागतं' अशी घातली. सासूबाई खूश.

हे काम बघून एका कंपनीने बाईंना एक चित्रपट करून दाखवायला सांगितलं. पसंत पडला तर काम कायमचं. चित्रपट इंटरनेटवरून येणार आणि लिहून शनिवारपर्यंत परत पाठवायचा. पण नेमकं आम्ही नुकतंच घर बदललं होतं आणि जुन्या इंटरनेट कंपनीची तार या गल्लीपर्यंत येतच नव्हती.

बाईंनी इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना फोन लावायला सुरुवात केली. प्रश्न एकच. "तुमचं इंटरनेट लिनक्सवर चालतं का?"

"हा कुठला ब्रँड, मॅडम?" एकाने विचारलं.

"आमच्याकडे फक्त विंडोज," दुसरा म्हणाला.

तिसऱ्याने तर सल्लाच दिला, "आधी विंडोज घाला, मग फोन करा."

विंडोजचं नाव काढताच माझा पंखा जोरात फिरू लागला.

बाईंचे दीर दाराशी उभे राहून ऐकत होते. मला म्हातारबा हे नाव त्यांनीच दिलंय. "वहिनी, म्हातारबाला आता निवृत्त करा. चला, नवा घेऊन येऊ. हट्टापायी हातचं काम घालवाल."

"भाऊजी, माझी सगळी कामाची घडी याच्यात बसलीय. नव्यावर हात बसेपर्यंत शनिवार उलटून जाईल."

सासूबाईंना एवढ्यातलं निम्मंच ऐकू आलं असावं, पण मुद्दा बरोबर कळला. "फोनवर काय विचारत बसलीस? झाकण आणायला जाताना भांडं बरोबर नेतेस ना? मग यालाही घेऊन जा की!"

मी पिशवीत बसलो. दीरही निघाले. तिथेही 'नाही' ऐकलं की मला परस्पर नव्याच्या दुकानात न्यायचं, असा त्यांचा बेत होता.

पहिल्या दुकानात इंटरनेट देणारं बोटाएवढं डोंगल मला लावलं. त्यातला प्रोग्राम काही केल्या उघडेना. "यंत्र बिघडलंय," विक्रेता म्हणाला.

"यंत्र ठीक आहे. तुमचा प्रोग्राम विंडोजसाठी आहे. त्याच्याशिवाय चालेल?"

"नाही."

"मग राहू द्या. आभारी आहे."

दुसऱ्या दुकानातही रोज त्यांच्याच प्रोग्राममधून इंटरनेटवर शिरायचं होतं. दीर घड्याळ बघू लागले. खरं सांगू, मीही मनातून निरोप घ्यायला लागलो होतो.

तिसऱ्या दुकानात काउंटरवर एक मुलगी होती. "लिनक्स म्हणजे काय ते मला ठाऊक नाही, ताई. पण आमचा पासवर्ड या राउटरमध्येच भरलेला असतो, संगणकात काही घालावं लागत नाही. लावून बघायचं?"

तिने वायर खुपसली. मी राउटरकडे जोडणीसाठी लागणारा पत्ता मागितला. त्याने मी कोण, कुठला, काहीएक न विचारता देऊन टाकला! पान झर्रकन उघडलं.

"अरेच्चा!" दीर म्हणाले.

बाई हसल्या. "माझा प्रश्नच चुकत होता, भाऊजी. लिनक्स चालतं का, हे विचारायचंच नव्हतं. तुमचा प्रोग्राम माझ्या यंत्रात घालावा लागतो का, एवढंच विचारायचं."

दुसऱ्याच दिवशी तार घरी आली. चित्रपट आला, बाईंनी तो लिहून काढला, सासूबाईंनी त्यात सतरा खोड्या काढल्या, आणि शनिवारी तो गेला. पुढच्या आठवड्यात कंपनीचा निरोप आला. काम पसंत आहे, पुढचा चित्रपट पाठवतोय.

"हा तरी हसायचा आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

आता माझी एक बिजागरी सैल झालीय. एक कळ दाबली की अक्षर दोनदा उमटतं. माझे फार दिवस राहिले नसतील, पण त्याचं वाईट वाटत नाही. तुम्हाला एकच विनंती. तुमच्या घरी असा कुणी म्हातारबा असेल, तर फोनवरच्या एका 'नाही'वर त्याला अडगळीत टाकू नका. त्याला घेऊन चार दुकानं फिरा, वायर लावून बघा.

बरं, आता मला सोडा. पडद्यावर नायक काहीतरी पुटपुटलाय, बाईंनी तो तुकडा पुन्हा मागे घेतलाय, आणि सासूबाई मान पुढे काढून विचारताहेत, "काय म्हणाला गं?"

थांबा आई, सांगतोच.