तीनच्या आधी

“एक, दोन...” ब्रदरच्या तोंडून ‘तीन’ निघायच्या आत सिस्टरने चादर आपल्याकडे खेचलीसुद्धा. चादरीवरचे आजोबा तिरके होऊन तिच्या बाजूला घसरले आणि असे ओरडले, की शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून उठला.

“सिस्टर, तीन! तीनला उचलायचं असतं!”

“वर सरकले ना? झालं तर मग.” ती उशी थोपटत राहिली.

ब्रदरने कपाळावर हात मारला. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजोबा खाटेवर सारखे खाली घसरत. त्यांना वर घ्यायचं तर अंगाखालची चादर दोघांनी दोन बाजूंनी एकदम उचलावी लागे. नाहीतर पाठ घासायची. कमरेखालची कातडी आधीच लाल झाली होती. ती फाटली की आजोबांचं घरी जाणं लांबलंच. सिस्टरला हे ठाऊक नव्हतं थोडंच? या वॉर्डात नवीन आलेल्या ब्रदरला तो लाल डाग तिनेच तर दाखवला होता. पण उचलायची वेळ आली की बाई दोनवरच सुटायच्या. सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता.

आजोबा शाळेत कवायत शिकवायचे. “अख्खी शाळा एका शिट्टीवर पाय उचलायची,” ते कण्हत म्हणाले, “आणि तुम्ही दोघं!”

दुपारी ब्रदर हातमोजे आणायला सामानाच्या खोलीत गेला, तर सिस्टर भिंतीला टेकून कमरेचा पट्टा आवळत होती. त्याला बघताच तिने घाईने कोट खाली ओढला.

“कंबर धरलीय?”

“तुमचं काय जातं?”

“माझंच जातं! उद्या तुम्ही आडव्या झालात तर मी कुणाला घेऊन उचलू? तीनपर्यंत थांबायला काय धाड भरते तुम्हाला?”

“आणि तीनला समोरचा नसला तर?” सिस्टरचा आवाज एकदम चढला. “एकदा नव्हता. दारातून कुणीतरी हाक मारली, तो वळला, त्याच्या हातची चादर सुटली. एक आजी होत्या. पडल्या त्या. तेव्हापासून मी सगळं वजन आधी माझ्याकडे घेते. समोरच्याने धरलं तर धरलं.”

“म्हणजे मीही सोडीन, असं वाटतं तुम्हाला.”

“मला काही वाटत नाही हो. हात आपोआप जातात.”

ब्रदरला भयंकर राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. मोजे न घेताच तो बाहेर आला.

संध्याकाळी आजोबा पुन्हा घसरले, उशी डोक्याच्या वरच राहिली. ब्रदरने खिशातला फोन काढून खिडकीत ठेवला, खाटेभोवतीचा पडदा ओढला, चादर मुठीत घट्ट गुंडाळली.

“एक, दोन...” आणि त्याने खेचलं.

सिस्टर थांबली होती.

आजोबांचं सगळं वजन त्याच्या कमरेवर आलं. आजोबा बोंबलले.

“तीन म्हणाला होतात ना!” सिस्टर कडाडली. “म्हटलं, आज एकदा तुमच्यासाठी थांबावं...”

“आणि मी तुमच्यासाठी दोनवर...” तो कळवळून वाकला. कमरेत चमक भरली होती. एवढं वजन ही बाई रोज एकटी घेत होती आणि वर आपण तिच्यावर खेकसत होतो, याची त्याला लाज वाटली.

“पुरे झालं तुमचं!” आजोबा म्हणाले. “हात चादरीवर. मी मोजणार.” त्यांनी पुढचं सगळं सोसायच्या तयारीने डोळे घट्ट मिटून घेतले.

“एक.”

ब्रदरने सिस्टरकडे पाहिलं. ती त्याच्या हातांकडे बघत होती.

“दोन.”

तिची बोटं चादरीत रुतली, पण हलली नाहीत. आजोबा मुद्दाम थांबले. बराच वेळ थांबले. तिने हातांवरची नजर काढून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“तीन!”

चादर दोन्ही बाजूंनी एकदम वर गेली आणि अलगद टेकली.

“अरे, उचला की आता!” डोळे मिटूनच आजोबा ओरडले.

उशी केव्हाच त्यांच्या डोक्याखाली आली होती.