टाकीतलं फडकं

अणदूरच्या शिवारात, तीस फूट खोल विहिरीत, मी माझ्या पोकलेनसकट अडकलो. मागची काच विहिरीच्या कड्याला टेकलेली, दाराला ढासळलेली माती छातीएवढी, पुढं चिखलात रुतलेलं बकेट. केबिनमध्ये मी एकटा आणि कानात मशीनच्या तेलपंपाचा आवाज, खडे भरडल्यासारखा. लिव्हर ओढला की बूम, मशीनचा लांब हात, नुसता थरथरायचा. मी रेस वाढवली. आवाज वाढला, बूम तिथंच.

वर मालक रणधीरदादा उभे होते आणि शेजारी दादामियाँ मिस्त्री. आठ दिवसांपूर्वी नवा पंप त्यांनीच बसवला होता. तेव्हापासून तो ओरडतोय म्हणून मी चारचौघांत बोललो होतो, "म्हाताऱ्याला आता दिसत न्हाय." मालकानं त्यांचं काम बंद केलं. आज त्यांना पंप दाखवायला बोलावलं होतं. माझं तोंड मला नेहमीच नडतं, पण इतकं कधी नडलं नव्हतं.

फोन वाजला. वरून दादामियाँ बोलत होते, स्पीकर लावून.

"युवराज, पंपाला तेल मिळंना. उपाशी हाय त्यो. टाकीत काय घातलंस?"

"काय न्हाय, चाचा."

तेवढ्यात ढेकूळ टपावर आदळलं. मागोमाग माती सरसरत आली आणि दाराची काच अर्धी झाकली. माझी पाचावर धारण बसली. आपण इथंच गाडले जाणार, असं वाटलं.

माझी आई घागरीच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळते. मीही तेल भरताना टाकीत पंपाकडं तेल जातं त्या जाळीवर तिच्या जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं आवळून बांधलं होतं. नव्या पंपात कचरा जाऊ नये म्हणून! दोन दिवसांत शंका आली होती. पण सांगायची लाज वाटली.

"जाळीला फडकं बांधलंय चाचा. म्याच. तुमी गेल्यावर."

मी फोन कानाशी घट्ट धरला. म्हातारा निघून गेला, असंच वाटलं. मी असतो तर गेलो असतो.

"रेस कमी कर," आवाज आला. "आजून कमी. पंप हळू फिरला तर झिरपून येतंय तेवढं तेल पुरंल त्याला. एका टायमाला एकच लिव्हर. घाई करू नको, पोरा."

रेस उतरवली. खडखड बसली. बूम इंचाइंचानं उठला, बकेट सुटलं. मग केबिन सावकाश फिरवली आणि दार मातीतून मोकळं झालं. मी शिडी चढून वर आलो.

दुसऱ्या दिवशी मशीन वर काढल्यावर दादामियाँनी टाकी उघडली. फडकं कापून काढलं, पिळलं आणि तळहातावर पसरलं. तेलानं काळंमिट्ट झालं होतं. रणधीरदादा बघत होते.

"काठ हिरवा हाय," माझ्याकडं न बघता दादामियाँ म्हणाले. "दिसतंय मला आजून."