झाडपाल्यासारखं

घरात तिला सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणायचे आणि तिनेही ते कधी खोडून काढलं नाही. खरं काम काय, तर प्रयोगशाळेतल्या उंदरांना खायला घालायचं, पिंजरे धुवायचे आणि घड्याळ घेऊन बसायचं. शिसं पाजून विसराळू केलेले उंदीर पाण्याच्या हौदात सोडायचे. पाण्याखाली दडलेला चौथरा त्यांना किती सेकंदांत सापडतो, एवढं तिने लिहायचं. नवं औषध दिलेल्यांना तो जरा लवकर सापडत होता. जरा. आणि तेही उंदरांना.

तिचे वडील रंगारी. चाळीस वर्षं जुन्या दारांवरचा शिशाचा रंग खरवडला, ती धूळ नाकातोंडात गेली, आणि आता ते स्वतःच्याच घरात संडास कुठे म्हणून विचारत. मग हिला राहवतंय कसलं? रविवारी जेवताना अक्कल पाजळलीच.

“आई, बाबांसारख्यांसाठीच आमचं औषध आहे. घाबरण्यासारखं काही नाही गं, झाडपाल्यासारखंच असतं ते.” वर ज्या झुडपावरून ते बनवलं, त्याचं नावही सांगून मोकळी झाली.

आता ‘सारखं’ म्हणजे काय, ते नको का सांगायला? पानातल्या एकाच द्रव्याच्या धर्तीवर नळीत बनवलेलं, पानातलं बाकीचं विष वगळून. पण एवढं सांगत बसलं तर ऐट कसली राहते? बाईसाहेबांनी ते गाळलं. आईच्या कानात झाडपाला तेवढा राहिला. झुडूप गल्लीच्या तोंडाशीच, कुंपणाला होतं. आठ दिवस आई ती पानं उकळून नवऱ्याला रोज पेलाभर काढा देत होती, आणि तेही मोठ्या आशेने.

नवव्या दिवशी वडील इस्पितळात. डोळे हळदीसारखे पिवळे, शुद्ध अर्धवट. वाचतील का, हे डॉक्टरीणबाई सांगेनात. त्यांनी एवढंच विचारलं, “हा काढा द्यायला सांगितलं कोणी?”

खाटेच्या पायथ्याशी ती उभी होती, गळ्यात प्रयोगशाळेचं ओळखपत्र. आईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“कोणी नाही हो. माझंच डोकं.”

“अहो, घरात एवढी शिकलेली मुलगी आहे, तिला तरी विचारायचं.” मग त्या हिच्याकडे वळल्या. “तुम्हीच समजवा यांना.”

तिने तोंड उघडलं. आता सांगूनच टाकायचं, असं तिने खरोखर ठरवलं होतं.

“आई,” ती म्हणाली, “असा झाडपाला कोणालाही द्यायचा नसतो गं.”

“चुकलं बाई माझं,” आई म्हणाली.

डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई स्टुलावर थोडी सरकली, शेजारी जागा केली.

“बस जरा. सकाळपासून उभी आहेस.”

तिला बसवेना.