अडतीस नंबरचा शिक्का

“काय म्हणतंय ते?” सीतारामबाबांनी खुर्ची पुढे ओढत विचारलं.

“या नावाचं इथे कुणी राहत नाही म्हणतंय, बाबा.” चैताली रडकुंडीला आली होती.

लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत तिने तिसऱ्यांदा पायथनला, क्लासात शिकायच्या त्या प्रोग्रामिंगच्या भाषेला, हाक मारली होती आणि तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं होतं. अकरा वाजून दहा मिनिटं झालेली. पायथन नीट बसल्याचा स्क्रीनचा फोटो बारापर्यंत पाठवा, नाहीतर तुमची जागा वेटिंगवाल्याला, असं क्लासच्या कल्याणी मॅडमनी बजावलं होतं. क्लास मोफत, जागा वीसच. बी.एस्सी. होऊन चार वर्षं घरात गेली होती. ही जागा गेली तर पुढची कधी, हा विचारही तिला नको होता.

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि झोपलेल्या पियुषच्या नाकाखाली बोट धरलं. आठ महिन्यांच्या जिवाची ऊबदार फुंकर बोटाला लागली. सकाळपासूनची ही पाचवी खेप.

“तो घेतोय श्वास,” सासरे बाहेरून म्हणाले. “ह्याचं काय ते बघ आता.”

सीतारामबाबा खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत चौतीस वर्षं तपासनीस होते. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, तरी घरात आलेला साधा कुकरही त्यांनी उलटासुलटा करून पाहिल्याशिवाय गॅसवर चढत नसे.

“काल बसवताना हात कुठे सुटला, ते आठव.”

तिला आठवलं. ऐन वेळी पियुष रडला होता आणि सगळ्यात खालच्या छोट्या चौकोनात खूण करायची राहून गेली होती. पायथन घरात आला होता, पण कुठल्या खोलीत, ते मशीनला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने पहिल्यापासून पुन्हा बसवलं, खूण केली, नवी खिडकी उघडली आणि श्वास रोखून व्हर्जन विचारलं.

पायथन ३.१२.४.

“आलं!” तिने मोबाइल उचलला.

“थांब. हे त्यानं नाव सांगितलं. काम येतं का त्याला?”

“अहो बाबा, मॅडमनी एवढंच मागितलंय.”

“मॅडमनी पास केलं असेल. मी नाही केलेलं.”

घड्याळाकडे पाहत तिने ओठ आवळले. बाबांनी हवेत अंगठा आणि तर्जनी धरली, मध्ये काहीतरी असल्यासारखी. “आमच्या माप तपासायच्या गेजला दोन टोकं असायची. एका टोकातून पीस गेलाच पाहिजे. दुसऱ्यातून जाता कामा नये. नुसतं जातंय बघून सही ठोकणारे पुष्कळ होते. अडायला पाहिजे तिथे अडतं का, ते कोण बघणार?”

त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी मांडलं, तुकडा फाडला, घडी घालून पाण्याच्या ग्लासखाली ठेवला. “चारशे एकाहत्तर गुणिले अडतीस विचार. माझा फॅक्टरीतला टोकन नंबर आणि पास केलेल्या मालावर मारायच्या शिक्क्याचा नंबर. उत्तर आधी आपल्याकडे पाहिजे. नाहीतर ते काहीही सांगेल आणि तू मान डोलावशील.”

तिने विचारलं. १७८९८. बाबांनी घडी उलगडली. १७८९८. एकही खाडाखोड नव्हती. चैताली स्क्रीन सोडून त्या चिटोऱ्याकडेच बघत राहिली.

“आता चुकीचं दे.”

तिने दहाला शून्याने भागायला सांगितलं. मशीनने तीन-चार ओळींत साफ नकार दिला.

“अडलं!” पियुष पहिल्यांदा आधाराशिवाय बसला तेव्हा हसले होते, तसे बाबा हसले. “शहाणं आहे.”

तिचं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक घासून चपटं, गुळगुळीत झालेलं. रोजचे आठ तास, चौतीस वर्षं. कुठल्या तरी बर्फात, कुठल्या तरी वाळूत सरहद्दीवरचा कुणी पोरगा या बोटांवर विसंबून उभा राहिला असेल आणि त्याला हे नावही ठाऊक नसेल. पाच वेळा श्वास तपासणारी आपण वेडी, असं तिला इतके दिवस वाटत होतं.

“शिक्का कुठेय बाबा तुमचा?”

“शेवटच्या दिवशी जमा केला. मोडला असेल त्यांनी. आपला नंबर दुसऱ्याच्या हातात जाऊन कसं चालेल?”

अकरा बावन्न. फोटो निघाला. बोट बटणावर ठेवून तिने विचारलं, “पाठवू?”

बाबांनी चष्मा सावरला आणि स्क्रीन वरून खाली, ओळ न् ओळ वाचली. मग त्यांची उजवी मूठ नकळत वळली. टेबलाच्या डाव्या बाजूला, फॅक्टरीतल्या टेबलावर जिथे शाईचा पॅड असायचा, तिथे ती एकदा टेकली, उचलली गेली आणि लॅपटॉपशेजारी सरळ, घट्ट दाबली गेली. हात रिकामा होता.

तो वर उठल्यावरच चैतालीने बटण दाबलं.

मग टेबल आवरताना तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि शिक्क्याच्या त्या जागेपासून जरा लांब ठेवला. शाई वाळायची होती.