गेटचा उरलेला रंग

रंगाचा पापुद्रा साधारण नखाएवढा होता. कडेनं पाहिलं की थर दिसायचे: वर तपकिरी, त्याखाली हिरवा, मग निळा, पुन्हा हिरवा. सगळ्यात खालचा थर मऊ पडलेला. बोटांत चोळला तर बुळबुळीत लागला.

शॉवरखालचा हा सिमेंटचा चौकोन आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बांधून घेतलेला. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरी देवीचा चुना, म्हणजे रानातले चुनखडीचे खडे, वेचायला येरमाळ्यात पाहुणे येतात, घर भरून जातं, म्हणून. यात्रेआधी गेट रंगवायचं आणि डब्यात उरलेला रंग न्हाणीत मारायचा, ही आमच्या घरची रीत. आण्णा गेल्यावर धाकट्या भावानं, रणधीरनं, ती चालू ठेवली. पावसाळा आला की रंगाला फोड यायचे, मग पापुद्रे सुटायचे. गेल्या महिन्यात आई त्यावरून घसरली आणि तिचं मनगट मुरगळलं.

तरी यंदाही रणधीर डबा घेऊन आलाच.

"ताई, सरक. अर्ध्या तासात चकाचक करतो."

"नको. आधी सगळा खरवडायचा."

"सगळा? खालचा तर आण्णांच्या हातचा असंल!"

"सिमेंटमध्ये क्षार असतो. ओल असली की तो रंगातल्या तेलाचा साबण करतो. आपण दर वर्षी साबणावर रंग मारतोय."

"न्हाणीत साबणच लागतोय की."

आईला हसू आलं नाही. "रविवारी जावई यायलेत, व्याही यायलेत. यात्रा झाली की तुला घेऊन जातील. आन् तू न्हाणी उकरून ठेवतीस व्हय?"

दीड वर्ष झालं मी माहेरी होते. कळंबच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले होते. माझा नवरा, अमरसिंह, चिडला की हात उचलायचा आणि दुसऱ्या दिवशी साडी आणायचा. साड्या चांगल्या होत्या. परत नांदायला जाणार का, असं कुणी विचारलं की मी "बघू" म्हणायचे. आईनं त्याचा अर्थ होकार असा धरला होता. माझी बॅगही तिनं भरून ठेवली होती.

नवी टाइल बसवणं परवडणारं नव्हतं. दुकानातून लोखंडी पट्टी, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर आणि सिमेंटची छोटी पिशवी आणली. शॉवर बंद करून सगळा रंग काढला. उघड्या सिमेंटवर प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले होते.

"मंगळावर पाणी सापडलं का?" रणधीरनं दारातून विचारलं.

"सापडलं. खालून येतंय."

मग तोही वाकून बघायला लागला. भिंत आणि चौकोन जिथं मिळतात, त्या कोपऱ्यात केसाएवढी चीर होती. तिच्यातून पाणी आत मुरत होतं. मी छिन्नीनं ती मोठी केली.

"अगं, भरायची सोडून वाढवतीस काय?" आई ओरडली.

"वरून लिंपलं तर सिमेंट आत पोचत नाही."

टेबलफॅन लावून चौकोन वाळवला. प्लास्टिक पुन्हा लावलं. या वेळी ते कोरडं निघालं. मग चीर भरली, वरून सिमेंटचा बारीक हात फिरवला, पाणी जायच्या मोरीकडं उतार राखला आणि ओलं पोतं अंथरलं. या काळात आईनं रंगाचा डबा दोनदा न्हाणीच्या दारात आणून ठेवला. दोन्ही वेळा मी तो उचलून गेटपाशी नेऊन ठेवला.

रविवारी सकाळी गाडी आली. अमरसिंह बैठकीत मोबाइल घेऊन बसला. माझे सासरे, लिंबाजीमामा, खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीकडं गेले आणि तसेच परत आले.

"हे काय गं हर्षाली? न्हाणीवर पोतं?"

"सिमेंट अजून पक्कं झालं नाही, मामा. ओलं ठेवावं लागतं. तुमचं पाणी अंगणात काढलंय."

"पाहुण्यानं अंगणात आंघूळ करायची! एक हात रंग मारला असता तर काय बिघडलं असतं?"

"सुटला असता."

"सुटला तर पुढल्या साली पुन्हा मारायचा. सगळी दुनिया तसंच करती."

"चुकलं बघा, व्याही," आई मध्ये पडली. "पोरगी कुणाचं ऐकत न्हाय."

"तुमी लई लाडावून ठिवलीय," असं म्हणत मामा अंगणात गेले. धुण्याच्या दगडावर बसून त्यांनी आंघोळ उरकली. आईनं चहा केला. चहा पिऊन झाल्यावर अमरसिंहनं मोबाइल खिशात टाकला.

"चुना वेचून झाला की लगेच निघायचं," तो म्हणाला. मला नव्हे, आईला. "हिची बॅग आताच गाडीत टाका. आणि त्या कॉलेजला नोकरी सोडल्याचं कळवून टाकायला सांगा."

"व्हय, सांगते की," आई म्हणाली. "रणधीर, बॅग घे रं."

रणधीर बॅगेपाशी गेला. उचलली मात्र नाही. माझ्याकडं बघत उभा राहिला.

"बघतोस काय?" आई म्हणाली, आणि मग माझ्याकडं वळून हळूच, "हर्षे, हो म्हण की गं. सगळे थांबलेत."

मी उठून बॅगेसमोर उभी राहिले आणि अमरसिंहकडं बघितलं.

"मी नांदायला येणार नाही. आज नाही, यात्रेनंतरही नाही."